जुन्या अमेरिकन पोलीस सीरियलींचा डीव्हीडी डबा : नानांनी पास केला, पाच नंबरची डिस्क सोडून

आधीच सांगते, पैसे वसूल झाले. पण ज्या कारणासाठी घेतला त्या कारणानं नाही, आणि डब्यावर जे छापलंय त्याच्यामुळे तर अजिबातच नाही.

घेतला कशाला ते सांगते. आमचे नाना म्हणजे माझे सासरे, मध्य प्रदेश पोलिसात होते, त्यातली बरीच वर्षं थाण्यात म्हणजे पोलीस स्टेशनात टेबलावर, मुन्शीगिरी, लिहिण्याचं काम. रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झाली. यंदा पावसाळ्यात अंगणात घसरले, पाय प्लास्टरमध्ये, दीड महिना घराबाहेर पाऊल नाही. इंदूरच्या माणसाला सकाळी पोहे-जलेबी खायला कोपऱ्यावर जाता येत नाही म्हणजे काय शिक्षा असते ते इंदूरवालेच समजू शकतात. घरी पोहे करून दिले, वरून सेव, जिरावन सगळं घातलं, तरी "ठीक आहे" एवढंच. मग दिवसभर टीव्ही, टीव्हीवर सीआयडीचे जुने एपिसोड. शिवाजी साटम आपले म्हणून नानांना आवडतात पण दयानं दार तोडलं की दर वेळी एकच, "अरे त्या दाराचा पंचनामा कोण करणार?" हे चारशे वेळा ऐकल्यावर मी ऑनलाइन शोधाशोध केली आणि हा सेट दिसला. १९५०च्या दशकातल्या अमेरिकन पोलीस सीरियली, आठ डिस्क, साठ एपिसोड, १४५० रुपये. त्यात ड्रॅगनेट, रॅकेट स्क्वाड आणि डिकॉय अशा तीन सीरियली.

डबा आला चार दिवसांत, पॅकिंग बरं होतं. पण कव्हर बघा. वर रंगीत फोटो, ड्रॅगनेटचा जॅक वेब आणि शेजारी हॅरी मॉर्गन. आणि आत सगळे एपिसोड ब्लॅक अँड व्हाइट, जुने, ज्यात हॅरी मॉर्गन औषधालासुद्धा नाही! ड्रॅगनेट दोनदा झाली हो, पहिली १९५१ ते १९५९, तिच्यात जॅक वेब म्हणजे सार्जंट फ्रायडे आणि त्याचा जोडीदार बेन अलेक्झांडर, आणि दुसरी रंगीत १९६७ ते १९७०, तिच्यात मॉर्गन. म्हणजे फोटो दुसरीचा छापून माल पहिलीचा. वर आणि "एचडी" असं लिहिलंय. एचडी कसलं, काही एपिसोडमध्ये तर पाऊस पडतोय की प्रिंट खराब आहे तेच कळत नाही.

प्लेयर माळ्यावर होता, तो चालू झाला हे एक आश्चर्य, पण नवीन टीव्हीला लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरीची भोकंच नाहीत. यांनी जेल रोडवरून कन्व्हर्टर आणला, आणखी ४५० रुपये. पोलीस सीरियलीसाठी वायर जेल रोडवरून, हा जोक आमच्याकडे चार दिवस चालला.

आता मेन गोष्ट. सबटायटल नाहीत. इंग्लिश जुनं, भराभर आणि सपाट आवाजातलं, मला वाटलं संपलं, नाना पाच मिनिटांत म्हणणार बंद कर. माझी लेक बाजूला बसून सांगत होती काय चाललंय ते. ड्रॅगनेट सुरू झाली, ते ढण-ढणा-ढण म्युझिक (ऐकलं की ओळखाल, पुढे किती जणांनी त्याची नक्कल केलीय), मग शहराचा लांबून सीन आणि फ्रायडेचा आवाज. हे शहर, लॉस एंजेलिस, कॅलिफोर्निया. मग आज वार कोणता, तारीख कोणती, हवा कशी होती, ड्यूटी दिवसाची की रात्रीची, सेक्शन कुठला, जोडीदार कोण, साहेब कोण आणि सगळ्यात शेवटी, माझं नाव फ्रायडे. लेक अर्ध्यात सांगत होती तेवढ्यात नाना सरळ होऊन बसले. म्हणाले, "अगं थांब, हा तर रोजनामचा लिहितोय."

ज्यांच्या घरी पोलीस नाही त्यांच्यासाठी सांगते, रोजनामचा म्हणजे थाण्याची रोजची डायरी. कोण किती वाजता कशासाठी निघाला ती रवानगी, परत आला ती वापसी, मधे काय झालं ते, आणि काही झालं नसेल तर तेसुद्धा. नानांनी आयुष्यभर हेच लिहिलं. त्यामुळे तीन एपिसोडनंतर त्यांना लेकीची गरज उरली नाही. वाक्यं ठरलेली, क्रम ठरलेला, अर्धं इंग्लिश ते अंदाजानं भरायचे आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा बरोबर भरायचे.

आणि ही सीरियल आहेच तशी, रटाळपणाची. मी वाईट अर्थानं नाही म्हणत. सव्वीस मिनिटांचा एपिसोड, त्यातली वीस मिनिटं दोन माणसं कोट-हॅट घालून दारोदार फिरतायत आणि प्रश्न विचारतायत. हॉटेलचा क्लार्क, घरमालकीण, दुकानदार, प्रत्येकाला विचारलेलं सोडून आपलं रडगाणं सांगायचं असतं, आणि फ्रायडे ऐकून घेतो, चेहरा दगडाचा, आणि परत मुद्द्यावर आणतो. मधे जोडीदार फ्रँक स्मिथ (तोच बेन अलेक्झांडर) बायकोबद्दल, खाण्याबद्दल, तब्येतीबद्दल काहीतरी बोलत राहतो. नाना म्हणाले, जोडीदार असाच असतो, गस्तीवर निघालात की चोराबद्दल कुणी बोलत नाही, साल्याच्या लग्नाबद्दल बोलतात. गोळीबार फार कमी. सीरियल बनवणाराही वेबच, तो नटांना पाठांतर करू द्यायचा नाही म्हणे, समोरच्या टेलिप्रॉम्प्टरवरून वाचायला लावायचा, म्हणजे कुणी ॲक्टिंग करायला नको. आपल्या गावातल्या मराठी नाटकवाल्यांना हे सांगून बघा! आणि ऑफिसचा सेट इतका हुबेहूब की दाराच्या मुठीपण सिटी हॉलच्या मुठींवरून करून घेतलेल्या. नानांनी मुठी नाही पाहिल्या, त्यांनी टेबलावरचे कागद पाहिले. "गठ्ठे बरोबर आहेत," म्हणाले. मोठं सर्टिफिकेट आहे हे.

एक गंमत. सगळ्यांना वाटतं की फ्रायडेचा डायलॉग आहे, बाई, फक्त फॅक्ट्स सांगा. मी वाट बघत बसले, येईना. शेवटी शोधल्यावर कळलं की नेमकं तसं तो बोललेलाच नाही, जवळपासचं काहीतरी बोलतो, ते वाक्य १९५३ साली स्टॅन फ्रेबर्ग नावाच्या विनोदी कलाकारानं काढलेल्या नकलेच्या रेकॉर्डमुळे लोकांच्या तोंडात बसलं.

पण नानांचं आणि फ्रायडेचं पटलं ते इथपर्यंतच. भांडण सुरू झालं कबुलीवरून. तिकडे काय होतं, फ्रायडे संशयिताला बसवतो, चार प्रश्न विचारतो, सिगरेट देतो (सिगरेट तर विचारूच नका, चेस्टरफील्डवाले स्पॉन्सर होते, काही एपिसोडला जाहिरातीपण तशाच ठेवल्यात, मला त्याच जास्त आवडल्या) आणि तो माणूस घडाघडा सगळं सांगून टाकतो. मग निवेदक दोन वाक्यांत सांगतो की अमुक कोर्टात खटला चालला, अमुक शिक्षा झाली, आणि गुन्हेगार समोर उभा, खाली मान. संपलं. नाना चिडले. "आणि पंचवीस कुठे गेली?" म्हणजे आपल्या जुन्या साक्ष कायद्याची धारा २५, पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. (आता नव्या कायद्यात नंबर बदललाय, पण नानांसाठी ती पंचवीसच.) "आम्ही सत्तावीसचा मेमोरेंडम बनवायचो, आरोपीच्या सांगण्यावरून माल जप्त झाला तर तेवढाच भाग कामाचा, त्यातही पंच फिरले की गेलं सगळं, आणि हा इथे कॉफी पिता पिता शिक्षा करवतोय!" लेक लॉ करतेय, तिनं सांगितलं की नाना, तिकडे पकडलेल्या माणसाला तुला गप्प राहायचा आणि वकील मागायचा हक्क आहे हे सांगायलाच पाहिजे, असा निकाल १९६६ साली आला, मिरांडा केस, हे त्याच्या आधीचे एपिसोड आहेत. नाना म्हणाले, "मग ठीक. पण इतक्या आरामात कुणी बोलत नाही. कबुली कशी निघते ते दाखवलंच नाहीये." आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

इथून माझा इंटरेस्ट वाढला, तोपर्यंत मी मटार सोलता सोलता बघत होते.

झालं असं होतं की जॅक वेबनं १९४८च्या एका सिनेमात छोटा रोल केला, त्या सेटवर लॉस एंजेलिस पोलिसांचा मार्टी विन नावाचा सार्जंट सल्लागार होता, तो म्हणाला सिनेमावाले पोलिसांचं सगळं खोटं दाखवता, खऱ्या केसेस पाहिजेत तर मी देतो. त्यातून १९४९ला रेडिओवर ड्रॅगनेट आली आणि मग टीव्हीवर. केसेस पोलीस खात्याच्या फायलीतल्या, मदत खात्याची, आणि स्क्रिप्टवर नजरपण खात्याचीच. विल्यम पार्कर १९५०ला तिथले चीफ झाले, त्यांना खात्याची इमेज चकाचक करायची होती आणि अशी फुकटची जाहिरात कोण सोडेल. सुरुवातीला सांगतात ना, ही गोष्ट खरी आहे, निर्दोष लोकांना त्रास होऊ नये म्हणून फक्त नावं बदलली आहेत. मला आता वाटतं की नावं बदलली ते ठीक, पण कुठल्या गोष्टी खऱ्या म्हणून निवडल्या ते बघायला पाहिजे. जॅक वेब १९८२ला गेला तेव्हा पोलीस खात्यानं फ्रायडेचा बॅज नंबर ७१४ कायमचा रिटायर केला. टीव्हीतल्या पोलिसाचा नंबर, खऱ्या खात्यानं! म्हणजे बघा घरोबा किती.

सहा नंबरच्या डिस्कवर नाताळचा एपिसोड आहे, १९५३चा, सगळ्या डब्यात सगळ्यात गोड. चर्चमधून बाळ येशूची मूर्ती गेली, किंमत काही नाही, पण गरीब मेक्सिकन लोकांची वस्ती, त्यांची ती लहानपणापासूनची मूर्ती, आणि उद्या नाताळ. फ्रायडे आणि स्मिथ दिवसभर वणवण फिरतात, मूर्ती काही मिळत नाही, संध्याकाळी चर्चमध्ये येऊन फादरला सॉरी म्हणतात तेवढ्यात दार उघडतं आणि एक छोटं पोरगं लाल गाडी ओढत आत येतं, गाडीत मूर्ती. त्यानं देवाला बोललं होतं की मला लाल गाडी मिळू दे, पहिली चक्कर तुला. गाडी मिळाली, म्हणून चक्कर मारून आणली. बास. आमच्याकडे गणपतीला पोरं असले नवस करतात त्यातलाच प्रकार. फादर सांगतो की गाडी जुनी, फायर ब्रिगेडवाल्यांनी दुरुस्त करून दिलेली, घरचे गरीब आहेत, आणि फ्रायडे एवढंच विचारतो, खरंच गरीब आहेत का, फादर? नानांनी चष्मा काढून पुसला, मी उगाच आत जाऊन गॅस बघून आले.

रात्री लेक मोबाइलवर काहीतरी वाचत होती, म्हणाली आई, हे ऐक. ड्रॅगनेटचा टीव्हीवरचा पहिला एपिसोड आला १६ डिसेंबर १९५१ला, सिटी हॉलमध्ये बॉम्ब घेऊन बसलेल्या माणसाचा, तो आमच्या डब्यातही आहे. त्याच्यानंतर नऊ दिवसांनी, नाताळच्या दिवशी पहाटे, त्याच लॉस एंजेलिसच्या लॉकअपमध्ये दारू प्यायलेल्या पोलिसांनी सात तरुणांना बेदम मारलं, पाच मेक्सिकन वंशाचे, दोन गोरे. तिकडे त्याला ब्लडी ख्रिसमस म्हणतात. आधी दाबायचा प्रयत्न झाला, मग ८ पोलिसांवर खटला, ५४ जणांची बदली, ३९ सस्पेंड. आणि दोन वर्षांनी टीव्हीवर त्याच खात्याचा नाताळ, लाल गाडीवाला.

सकाळी नानांना सांगितलं. मला वाटलं म्हणतील, होतं असं, किंवा म्हणतील काय गरज होती वाचायची. नानांनी फक्त विचारलं, "आणि त्या रात्रीच्या रोजनामच्यात काय लिहिलं होतं?" कुणी काही बोललं नाही. त्यांनीच डिस्क काढून दुसरी लावायला सांगितली.

तर मूल्यं वगैरे म्हणाल तर या सीरियलींमध्ये सरळ आहेत, पोलीस शांत, कष्टाळू, पगार कमी, लाच नाही, शिवी नाही, मार नाही, गुन्हेगार पकडला जाणारच आणि शिक्षा होणारच. ते काही नुसतं वेबच्या डोक्यातून आलेलं नव्हतं, १९५२पासून तिकडच्या टीव्हीवाल्यांनी स्वतःच एक आचारसंहिता लावून घेतली होती, त्यात होतंच की गुन्हा आकर्षक दाखवायचा नाही आणि पोलिसांना मान देऊनच दाखवायचं. काळी माणसं मला या डब्यात शोधूनही सापडली नाहीत, त्या शहरात राहत नव्हती असं तर नव्हतं. पुढे ऑगस्ट १९६५ला त्याच शहरातल्या काळ्यांच्या वॉट्स वस्तीत दंगल झाली, ३४ माणसं मेली, तिची सुरुवात पोलिसांनी एक गाडी थांबवण्यावरून. १९६७ला रंगीत ड्रॅगनेट परत आली ती एलएसडी नावाची नशा करून तोंड निळं-पिवळं रंगवलेल्या पोराची केस घेऊन. मी ते एपिसोड वेगळे शोधून बघितले, त्यात फ्रायडे प्रश्न कमी विचारतो आणि पोरांना भाषण जास्त देतो, शाळेच्या असेंब्लीत मुख्याध्यापक देतात तसं. नानांना तीन मिनिटांत झोप लागली. जुनाच फ्रायडे बरा, निदान ऐकून घ्यायचा.

रॅकेट स्क्वाड मात्र सगळ्यांनी जरूर बघा, विशेषतः ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आणि स्मार्टफोन दोन्ही आहेत त्यांनी. १९५१ ते १९५३ची, कॅप्टन ब्रॅडॉक म्हणून रीड हॅडली, मऊ आवाजाचा माणूस, नुसत्या फसवणुकीच्या केसेस. खोटे वारस, खोट्या स्कीमा, खोटे साहेब. शेवटी तो सरळ आपल्याकडे बघून सांगतो की एका हातानं पाठ थोपटणारे आणि दुसऱ्या हातानं खिसा कापणारे लोक असतात, आणि हे तुमच्याबरोबरही होऊ शकतं. बाजूच्या काकूंना मागच्याच वर्षी डिजिटल अरेस्टचा फोन आला होता, खोटा पोलीस, खोटी वर्दी, व्हिडिओ कॉल, नशीब नातू घरी होता. त्यांना बोलावून दोन एपिसोड दाखवले. इंग्लिश कळलं नाही तरी काकू म्हणाल्या, हाच तो, असाच गोड बोलत होता.

आणि हे बघत असतानाच मला कळलं की पाच नंबरची डिस्क चालत नाही. सतराव्या मिनिटाला चौकोन चौकोन होतात आणि अडकते. शिवाय एकच एपिसोड दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा टाकलाय, म्हणजे साठ नाहीतच, एकोणसाठ. विकणाऱ्याला मेसेज टाकला, कव्हरचा फोटो टाकला, उत्तर आलं, सील तोडलंय मॅडम, रिटर्न होणार नाही. सील न तोडता डिस्क कशी बघायची ते नाही सांगितलं. कॅप्टन ब्रॅडॉकनं सांगितलंच होतं.

डिकॉयबद्दल थोडंच लिहिते कारण तिचे एपिसोड पाच नंबरच्या डिस्कवरच जास्त होते, हा खरा राग आहे माझा. १९५७-५८ची, एकोणचाळीस एपिसोड, न्यूयॉर्कच्या महिला पोलिसांवर, बेव्हर्ली गार्लंड हिरॉइन. अमेरिकेत बाई मेन रोलमध्ये असलेली ही पहिली पोलीस सीरियल. वेश बदलून जाते, धोक्यात जाते, पण मला आवडलं ते असं की ती गुन्हेगार बाईकडे माणूस म्हणून बघते, फ्रायडेसारखा दगडाचा चेहरा ठेवून नाही. आपल्याकडे दूरदर्शनवर उडान आली १९८९ला, कविता चौधरी, तेव्हा मी शाळेत होते, आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरींना आयपीएस व्हायचं होतं. ती आठवण आली. जे चार एपिसोड धड चालतात ते लेकीनं दोनदा बघितले.

घ्यावा का? पोलीस घरातला माणूस असेल, किंवा इंग्लिश ऐकायची सवय असेल तर घ्या, पण कव्हरवर हॅरी मॉर्गन दिसला तर आत काय आहे ते आधी विचारा, आणि जुना प्लेयर असेल तर वायरीचे साडेचारशे वेगळे धरा. आवाजात खरखर आहे, हेडफोन लावला तर जास्त जाणवते, स्पीकरवर बरं. डिस्क रीजन फ्री आहेत, आपल्या प्लेयरवर चालल्या, ती चिंता नको. त्यातल्या बऱ्याच एपिसोडचे हक्क आता कुणाकडे उरले नाहीत म्हणून नेटवर फुकटही मिळतात, पण नानांना मोबाइलवर बघायचं नाही, त्यांना डिस्क घालायची असते. पाचपैकी साडेतीन, अर्धा विकणाऱ्याच्या उत्तरासाठी कापला.

नानांचं प्लास्टर मागच्या सोमवारी निघालं. मंगळवारी सकाळी कोपऱ्यावर पोहे खाऊन आले तरी अकरा वाजता डिस्क लावलीच. डब्याबरोबर एक वहीपण आता ठेवलीय, त्यात रोजची नोंद, तारीख, वार, हवा, डिस्क नंबर, सुरू किती वाजता, संपली किती वाजता, रवानगी-वापसीच्या थाटात, खाली सही. काल मी उघडून बघितली. पाच नंबरपुढे त्यांच्या त्या सुंदर मुन्शी अक्षरात, थाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद करतात त्या भाषेत लिहिलंय, वेळ ११:१७, अचानक बंद पडली, कारण अज्ञात, मर्ग कायम.